पीठावरच्या ओळी पांढऱ्या सिमेंटखाली जाण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या दैनिकात नागपूर शहरातल्या आणि विदर्भातल्या जुन्या जैन मंदिरांच्या जीर्णोद्धाराच्या, नव्या वेदीच्या आणि मूर्तींच्या पंचकल्याणक प्रतिष्ठेच्या बातम्या वरचेवर वाचायला मिळतात. गळके छप्पर, पोपडे धरलेल्या भिंती आणि सादळलेला गाभारा भाविकांनी पदरमोड करून नीट करून घ्यावा, यात खटकण्यासारखे काही नाही. ज्या मंदिरात रोज दिवा लागतो तेच मंदिर टिकते, हे आपण विदर्भातल्या ओस पडलेल्या देवळांकडे पाहून जाणतोच. माझी तक्रार जीर्णोद्धाराविषयी नाही. जीर्णोद्धार करताना मूर्तीच्या पायाखाली कोरलेल्या दोन-तीन ओळींची दखल सहसा कोणी घेत नाही, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक. जन्माने जैन नाही, पण नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या माणसाला इतवारी पेठ परकी नसते. सुमारे तीस वर्षांपूर्वी शाळेतल्या एका सैतवाल (दिगंबर जैनांतली एक जात) सहकाऱ्याने मला तिकडच्या एका जुन्या दिगंबर मंदिरात नेले. मंदिराचे नाव मुद्दामच देत नाही, कारण जे घडले ते कोठेही घडू शकते. सकाळचा प्रक्षाळ (मूर्तींचे स्नान) आटोपला होता आणि शुद्ध वस्त्रे नेसलेला माझा सहकारी वेदीवरच्या मूर्ती एकेक करून कोरड्या पंचाने टिपत होता. काळ्या पाषाणाची, हातभर उंचीची पार्श्वनाथांची एक मूर्ती त्याने पुसायला घेतली, तेव्हा तिच्या पीठाच्या दर्शनी कडेवर अक्षरे दिसली. मी वेदीबाहेर उभा राहून बॅटरीचा उजेड बाजूने टाकू लागलो. तो अडखळत वाचत गेला आणि मी दुरेघी वहीत उतरवून घेत गेलो. पहिली ओळ शकाची होती: १६ स्पष्ट, त्यापुढचा अंक गंधाच्या खपलीखाली अर्धा दडलेला, शेवटचा ३, आणि मग ‘प्रजापति नाम संवत्सरे’. दुसरी ओळ ‘श्रीमूलसंघे सरस्वतीगच्छे बलात्कारगणे कुंदकुंदाचार्यान्वये’ अशी सुरू झाली आणि ‘भ.’ या अक्षराशी आम्ही पोहोचलो तोच पूजेला बसणारी मंडळी आली. ‘राहिलेले पुढच्या रविवारी पाहू,’ म्हणून आम्ही उठलो.

तो रविवार काही आला नाही. सहकाऱ्याची बदली झाली, मी इतर कामांत गुंतलो, आणि गेल्या हिवाळ्यात माळ्यावर ती वही सापडली म्हणून पुन्हा त्या मंदिरात गेलो, तर वेदी नवी, मकराण्याच्या संगमरवराची. पार्श्वनाथ तेच, मस्तकावरचा सात फणांचा नाग तोच. पण मूर्ती पक्की बसावी म्हणून तिचे पीठ तीन बोटे खाली उतरवून चहूबाजूंनी पांढऱ्या सिमेंटने सांधलेले. ज्या कडेवर ओळी होत्या ती कडच आता दिसत नाही. व्यवस्था पाहणारे एक वयस्कर गृहस्थ तेथे होते; मी विचारले तेव्हा त्यांनी अत्यंत सौजन्याने सांगितले, ‘सर, काहीतरी लिहिलेले होते खरे, पण पुसटच होते.’

पुसट अक्षराची किंमत किती असते, हे या एका अंकावरून दाखवता येईल. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असल्याने शकाचा एखादा अंक झिजला असला तरी संवत्सराच्या नावावरून तो बहुधा ताडता येतो. जुने लेख वाचणाऱ्यांचा हा नेहमीचा आडाखा आहे. येथे मात्र तो नेमका फसतो. झिजलेल्या देवनागरीत १ आणि ७ यांची गल्लत सहज होते, आणि माझ्या वहीत त्या जागी ‘१ की ७?’ असेच लिहिलेले आहे. शके १६१३ घ्या किंवा शके १६७३ घ्या, दोन्ही वर्षे प्रजापति संवत्सराचीच, कारण त्यांच्यात बरोबर साठ वर्षांचे अंतर आहे. शके १६१३ म्हणजे इ. स. १६९१, तेव्हा बख्त बुलंद शाहाने नागपूर शहर वसवलेले नव्हते, त्यामुळे मूर्ती दुसरीकडून आणलेली ठरते. शके १६७३ म्हणजे इ. स. १७५१, पहिल्या रघुजीराजे भोसल्यांची अखेरची वर्षे. राजधानी बहरलेली, पेठांत व्यापारी स्थिरावलेले, आणि मूर्ती येथल्याच कोणा सावकाराने बसवलेली असण्याचा संभव मोठा. निवाडा करू शकणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे ‘भ.’ पुढचे भट्टारकांचे, म्हणजे दिगंबर मठाधिपतींचे, नाव. त्यातही धर्मचंद्र, देवेंद्रकीर्ती ही नावे कारंजाच्या गादीवर पुन्हापुन्हा येत असल्याने त्यांच्या गुरूचेही नाव लागले असते. ते सगळे आता सिमेंटखाली आहे.

(बलात्कारगण हे नाव वाचून दचकणाऱ्यांसाठी एक खुलासा. हा दिगंबर मुनींच्या एका जुन्या गणाचा निर्देश असून त्या शब्दाचा आजचा अर्थ येथे मुळीच नाही. जुन्या कन्नड लेखांत येणाऱ्या ‘बळगार’ या नावाचे ते संस्कृत रूप असावे असे अभ्यासक मानतात.)

शिव, विष्णू, देवी यांच्या मूर्ती आपण आयुधांवरून, वाहनावरून, हातांच्या संख्येवरून ओळखतो. तीर्थंकरांच्या मूर्तीचे तसे नाही. चोवीसही जिन दोनच आसनांत असतात, पद्मासनात बसलेले नाही तर कायोत्सर्गात उभे. चेहरा तोच, अर्धोन्मीलित दृष्टी तीच, उभ्या मूर्तींचे सरळ सोडलेले बाहू तेच. राग-द्वेष जिंकलेल्याची मूर्ती घडवायची म्हटल्यावर शिल्पकाराने व्यक्तिविशेष जाणूनबुजूनच गाळलेला असतो, आणि ज्यांना ही कला एकसुरी वाटते त्यांनी हा हेतू ध्यानात घ्यायला हवा. ऋषभनाथांच्या खांद्यावर रुळणाऱ्या जटा आणि पार्श्वनाथ-सुपार्श्वनाथांच्या मस्तकावरचे सर्पफणे सोडले, तर ओळख पटवणारे जे काही आहे ते पीठावर असते. ऋषभनाथांचा वृषभ, शांतिनाथांचे हरीण, चंद्रप्रभांची चंद्रकोर, महावीरांचा सिंह ही लांछने, म्हणजे ओळखचिन्हे, तेथेच, आणि मूर्ती कोणी, केव्हा, कोणाच्या उपदेशाने करविली हे सांगणारा लेखही तेथेच. चेहऱ्याने जे सांगायचे टाळले ते सारे पीठाने सांगायचे, अशी ही वाटणी आहे.

त्यातही लांछनांची प्रथा उशिराची. मथुरेच्या कंकाली टीला येथे निघालेल्या कुषाणकाळातल्या जिनमूर्तींवर लांछने नाहीत. तेथे जटा आणि फणे वगळता पीठावरचा लेख हाच आधार. ते उत्खनन काही आदर्श नव्हते. १८८८ ते १८९१ या काळात फ्यूरर या अधिकाऱ्याने ते केले, पण कोणती वस्तू कोठे आणि किती खोलीवर सापडली याच्या नोंदी त्याने नीट ठेवल्या नाहीत; पुढे दुसऱ्याच एका प्रकरणातल्या बनवेगिरीपायी त्याची नोकरीही गेली, आणि मथुरेच्या वस्तूंवरचा ग्रंथ अखेर १९०१ साली व्हिन्सेंट स्मिथ यांना सिद्ध करावा लागला. एवढा गोंधळ होऊनही मथुरेच्या सामग्रीने जैन इतिहासाच्या अभ्यासाला वळण दिले, ते केवळ दगडावर अक्षरे होती म्हणून. त्या काळी युरोपातल्या अनेक पंडितांच्या मते जैन धर्म म्हणजे बौद्ध धर्माचीच उशिरा फुटलेली फांदी होती. हर्मन याकोबी यांनी १८७९ साली कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या प्रस्तावनेत ग्रंथांच्या आधारे ते मत खोडले, परंतु हाती असलेल्या पोथ्या फार नंतरच्या, तेव्हा त्यांतली गुरुपरंपरा कशावरून खरी, असे म्हणायला जागा राहिलीच. जर्मन संस्कृतज्ञ ब्यूलर यांनी मथुरेच्या पीठांवरचे लेख वाचले आणि त्यांतली गण, कुल आणि शाखा यांची नावे कल्पसूत्रातल्या स्थविरावलीशी, म्हणजे आचार्यांच्या यादीशी, ताडून पाहिली, तेव्हा त्यांतली पुष्कळशी जुळली. पोथीच्या बाजूने दगडाने साक्ष दिली.

तेथल्या एका पीठावर ‘देवनिर्मित’ स्तूपाचा उल्लेख आहे. म्हणजे तो लेख कोरला जात होता तेव्हाच स्तूप इतका जुना झाला होता की तो कोणी बांधला हे लोक विसरले होते आणि त्याचे कर्तेपण देवांकडे गेले होते. त्या पीठावरची मूर्ती आज नाही. पीठ उरले म्हणून एवढे तरी कळले. मथुरेचीच मस्तक हरवलेली सरस्वती, जी या देवतेच्या ज्ञात मूर्तींत सर्वांत जुन्यांपैकी मानली जाते, ती गोव नावाच्या एका लोहकाराने दिली असे तिच्या पीठावर लिहिलेले आहे. एक आयागपट (पूजेची कोरीव शिला) वसू नावाच्या गणिकेने अर्पण केलेला आहे. राजांच्या प्रशस्तींत ज्या माणसांना जागा नसते ती येथे नावानिशी भेटतात, आणि मला विचाराल तर जैन कलेच्या अभ्यासातला सर्वांत जिवंत भाग हाच आहे. आबूच्या देलवाड्यातले संगमरवरी छत पाहून माणूस थक्क होतो आणि घरी येतो. लोहकार गोव मात्र डोक्यातून जात नाही.

धातुमूर्तींच्या बाबतीत लेख बहुधा पाठीवर असतो, म्हणून तो आणखी दुर्लक्षित. बडोद्याजवळच्या अकोटा येथे १९५१ साली जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला, त्यांतल्या काहींवर जिनभद्र वाचनाचार्य असे नाव होते. उमाकांत शाह यांनी ते जिनभद्र गणी क्षमाश्रमण या विख्यात भाष्यकारांचेच असल्याचे दाखवले, आणि पश्चिम भारतातल्या धातुमूर्तींचा कालक्रम लावण्यासाठी सहाव्या शतकात एक घट्ट खुंटी मिळाली. असाच जैन धातुमूर्तींचा एक साठा अकोल्याकडच्या राजनापूर खिनखिनीला निघाला आणि तो आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, आहे. शाळेच्या सहलीला तेथे गेलेल्या नागपूरकराला भुसा भरलेले प्राणी आठवतात, या मूर्ती आठवत नाहीत. मीही त्याला अपवाद नव्हतो.

मराठी वाचकाला तर या विषयाची वेगळी आस्था असायला हवी. श्रवणबेळगोळच्या ५७ फुटी गोमटेश्वराच्या पायांशी असलेल्या ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ आणि ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’ या दोन ओळी आपल्या पिढीने मराठीतला आद्य शिलालेख म्हणून पाठ केल्या. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची, आणि गंगराजाने तिच्याभोवती सुत्तालय म्हणजे आवार बांधले ते बाराव्या शतकाच्या आरंभीचे. मग दोन्ही ओळी आपापल्या काळी कोरल्या गेल्या की गंगराजाच्या वेळी एकदमच, यावर अक्षरांच्या वळणावरून वाद झाला, आद्यत्वाचा मान रायगड जिल्ह्यातल्या अक्षीच्या शिलालेखाला द्यावा असे मत पुढे आले, आणि तो वाद मराठीच्या अभ्यासकांत अजून शमलेला नाही. वाद घालता येतो, कारण ओळी जागेवर आहेत आणि कोणीही जाऊन पाहू शकतो. मावळातल्या पाले येथील लेण्यात ‘नमो अरहंतानं’ अशा आरंभाचा ब्राह्मी लेख आहे. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो उजेडात आणला म्हणून महाराष्ट्रातल्या जैन परंपरेचा माग इसवी सनाच्या आधी नेता येतो. इंद्ररक्षित नावाच्या कोणी तेथे लेणे आणि पाण्याची पोढी (टाके) करवली, एवढाच त्याचा मजकूर.

लेखाने काय वाचते आणि लेखाकडे न पाहिल्याने काय बिघडते, हे वेरूळला एकाच लेण्यात पाहता येते. बत्तिसाव्या लेण्याला आपण आजही इंद्रसभा म्हणतो, कारण हत्तीवर बसलेल्या यक्षाला कोणे एके काळी कोणीतरी इंद्र समजले आणि आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका ओघानेच त्याची इंद्राणी झाली. तो सर्वानुभूती यक्ष आहे हे अभ्यासकांनी केव्हाच सांगून ठेवले, पण फलकावरचे आणि वाटाड्याच्या तोंडचे नाव काही बदलले नाही. त्याच लेण्यात सोहिल नावाच्या ब्रह्मचाऱ्याने करविलेली ही शांतिभट्टारकांची (शांतिनाथांची) प्रतिमा, अशा अर्थाचा छोटासा लेख आहे; त्या प्रतिमेच्या ओळखीविषयी कोणाचाही घोटाळा झालेला नाही. डोंगर चढून वर गेले की पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे, तिच्या पीठावर शके ११५६ चा लेख आहे: भरताने (ऋषभनाथांच्या पुत्राने) जसा कैलास पावन केला तसा चक्रेश्वराने जिनबिंबे करवून हा चारणाद्री पावन केला. बाराशे वर्षांपूर्वी राष्ट्रकूटांच्या काळात भरात असलेले वेरूळचे जैन केंद्र यादवांच्या काळातही नांदते होते, याची साक्ष ही चार ओळींची.

विदर्भाला या अभ्यासाची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत पोथ्यांची सूची १९२६ साली नागपुरातून प्रसिद्ध केली आणि कारंजाच्या मंदिरांत बासनांत बांधून ठेवलेल्या अपभ्रंश पोथ्यांकडे विद्वानांचे लक्ष वळले. त्यांचेच नाव धारण करणारे डॉ. हिरालाल जैन अमरावतीला आणि पुढे नागपूरला शिकवत. (दोघांना एकच समजणारे लेख मी छापलेले पाहिले आहेत.) षट्खंडागम या दिगंबर आगमाच्या धवला टीकेचे १६ खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले, त्यांतला पहिला १९३९ साली अमरावतीहून. शां. भा. देव यांनी जैन मुनिसंघाचा इतिहास १९५६ साली लिहिला तो आगमग्रंथ आणि शिलालेख ही दोन्ही साधने समोर ठेवून. तेच देव पुढे नागपूर विद्यापीठात आले आणि पवनीचे उत्खनन त्यांच्या हातून झाले. विद्याधर जोहरापूरकरांनी सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून १९५८ साली भट्टारक परंपरेचा इतिहास मांडला. तो ग्रंथ मी आजही हाताशी ठेवतो, आणि त्यातली पाने उलटताना जाणवते ते हे की त्याचा बहुतेक डोलारा पोथ्यांच्या प्रशस्तींवर आणि अशाच मूर्तींच्या पीठांवरच्या दोन-दोन ओळींवर उभा आहे.

डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ साली संपादित केलेल्या, कनकामर मुनींच्या अपभ्रंश करकंडचरिउमध्ये एक प्रसंग आहे, तो येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. तेरापूरच्या डोंगरातल्या लेण्यात राजा करकंड पार्श्वनाथांच्या दर्शनाला जातो. ते लेणे म्हणजे धाराशिवचे असे मानले जाते; ते मुळात बौद्ध असावे असे म. के. ढवळीकरांचे मत होते, तो वाद येथे बाजूला ठेवू. तेथे सिंहासनावर राजाला एक गाठ दिसते. म्हातारा सूत्रधार सांगतो की लेणे कोरताना येथे झरा लागला होता, तो अडवण्यासाठी ही गाठ मुद्दाम ठेवली आहे. राजाला धीर धरवत नाही. तो गाठ फोडायला लावतो, पाणी उसळते, लेणे भरून जाते आणि राजा हळहळत बसतो. म्हाताऱ्या कारागिराला विचारले एवढ्याने भागत नाही, त्याचे ऐकावेही लागते, हे कवीला ठाऊक होते.

लेख जपला की सगळे साधते असे मात्र नाही; तो नीट वाचावाही लागतो. नागपूरच काय, उत्तर आणि मध्य भारतातल्या असंख्य दिगंबर मंदिरांत संगमरवराची एक तरी लहान, पांढरी पद्मासनस्थ मूर्ती असते, जिच्या पीठावर ‘संवत १५४८ वर्षे वैशाख सुदि ३’ असा आरंभ, पुढे भट्टारक जिनचंद्रांचे नाव आणि शेवटी जीवराज पापडीवाल या श्रावकाचे नाव असते. मुडासा नगरीत या शेटजींनी एका मुहूर्तावर हजारो मूर्ती प्रतिष्ठित करवून गाड्यांतून गावोगाव धाडल्या, असे परंपरा सांगते, आणि मूर्तींचा आढळ पाहता ती फार अतिशयोक्ती वाटत नाही. आता होते काय, की हा आकडा वाचून फलकावर ‘इ. स. १५४८ चे प्राचीन मंदिर’ असे रंगवले जाते. संवत विक्रमाचा आहे, म्हणजे इ. स. १४९१, आणि वय मूर्तीचे आहे, मंदिराचे नव्हे. १४९१ साली नागपूर शहर नव्हते हे वर आलेच आहे. ती मूर्ती मुडाशाहून निघून कोणत्या गावी थांबली, कोणत्या कुटुंबाने स्थलांतर करताना ती बरोबर आणली, परवार, खंडेलवाल, बघेरवाल की सैतवाल, याचा शोध घेतला तर शहराच्या वस्तीचा इतिहास हाती लागेल. तो फलकावरच्या फुगवलेल्या आकड्याहून कितीतरी मोलाचा आहे.

विश्वस्त मंडळींशी बोलताना मला तीन प्रकारची धास्ती जाणवली. पहिली चोरीची: छायाचित्र बाहेर गेले की मूर्तीची किंमत कळते आणि ती चोरांच्या नजरेत येते. ही भीती खरी आहे, पण चोरीला गेलेली मूर्ती आपलीच आहे हे सिद्ध करायला तेच छायाचित्र लागते, हेही तितकेच खरे. दुसरी भीती सरकारची. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीला १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तूचा दर्जा आहे आणि तिच्या नोंदणीची तरतूदही आहे. नोंद झाली की मूर्ती उचलून नेतील असा समज का पसरला कोण जाणे, नोंदणीने मालकी बदलत नाही. तिसरी धास्ती कोणी उघडपणे बोलत नाही, ती पंथभेदाची. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचा दिगंबर-श्वेतांबर वाद इंग्रजी अमदानीपासून न्यायालयात गेला, प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला आणि वऱ्हाडातल्या दोन पिढ्यांनी तेथले कुलूप पाहिले. अशा आठवणी असलेल्या समाजाला, कोणत्या गणाचा कोणता लेख कोठे आहे हे जगजाहीर होऊ नये असे वाटले तर मी त्यांना नावे ठेवणार नाही. परंतु लेख झाकल्याने वाद मिटत नाहीत, फक्त पुरावा संपतो, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते.

यासाठी फार खर्चाची किंवा मोठ्या योजनेची गरज नाही. वेदी नवी करायची असते तेव्हा मूर्ती विधिपूर्वक उचलून दोन-चार दिवस, कधी दोन-चार महिने, दुसरीकडे विराजमान केलेल्या असतात. एरवी भिंतीला टेकलेली पाठ आणि दुसऱ्या मूर्तीआड गेलेले पीठ त्याच दिवसांत मोकळे दिसते. शाईचा ठसा घेण्याची जुनी रीत, म्हणजे ओला कागद अक्षरांवर ब्रशने ठोकून बसवायचा आणि वरून शाईची पुरचुंडी फिरवायची, ही पूजेतल्या मूर्तीवर कोणी करू देणार नाही आणि करूही नये. प्रक्षाळानंतर पीठ कोरडे झाले की खोली अंधारी करून बॅटरीचा उजेड एका बाजूने तिरपा टाकावा. सावली अक्षरांच्या खाचांत भरते आणि समोरून न दिसणारी ओळ उठून दिसते. डावीकडून एक, उजवीकडून एक, वरून एक, अशी तीन छायाचित्रे साध्या मोबाइलवर घेतली तरी जाणकाराला पुरतात. मूर्तीची उंची आणि दगड की धातू एवढे सोबत लिहावे. हे काम शुद्ध वस्त्रांतला मंदिरातलाच तरुण करू शकतो, बाहेरच्या कोणाला गाभाऱ्यात घेण्याचे कारणच नाही. नंतर मूर्ती बसवताना पीठाची लेखाची कड मोकळी ठेवावी. चांगल्या कारागिराला ते अवघड नसते, फक्त त्याला आधी सांगावे लागते. झिजलेल्या पाषाणावर वज्रलेप करायचा असेल तर तोही छायाचित्रांनंतरच, कारण लेपाखाली अक्षरांच्या कडा भरून जातात. पितळी मूर्ती सणासुदीला चिंचेने घासून लख्ख करण्याची हौसही, निदान पाठीच्या बाजूला, आवरती घ्यावी.

आपल्या विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व शिकणारी मुले दरवर्षी प्रबंधिकेसाठी विषय शोधत असतात. रामटेकच्या शांतिनाथांच्या मंदिरसमूहापासून भद्रावती, कारंजा, अचलपूरपुढच्या मुक्तागिरीपर्यंतचा पट्टा त्यांच्या पायाखालचा आहे. एकेका विद्यार्थ्याने एकेका मंदिराचे मूर्तिलेख उतरवले तरी पाच-सात वर्षांत असे काही उभे राहील ज्याच्या आधारे पुढचा अभ्यासक जोहरापूरकरांच्या पलीकडे जाऊ शकेल. आणि आपल्या दैनिकाने प्रतिष्ठा सोहळ्याच्या बातमीत मिरवणुकीच्या छायाचित्राशेजारी मूलनायकाच्या, म्हणजे मुख्य मूर्तीच्या, पीठावरचा लेखही कधीतरी छापावा, अशी विनंती आहे.

माझ्या वहीतल्या पार्श्वनाथांविषयी एक शेवटचे. त्या मंदिरात जुनी वेदी असताना कोणी लग्नानंतरच्या दर्शनाचे, पर्युषणातल्या पूजेचे किंवा विधानाचे (मोठ्या सामूहिक पूजेचे) छायाचित्र काढले असेल, तर त्यात मागे ही काळी मूर्ती आलेली असण्याचा संभव आहे. ती वेदीच्या वरच्या पायरीवर, आपल्या उजव्या हाताला, दोन पितळी चौबिशींच्या (चोवीस तीर्थंकरांच्या एकत्र मूर्तींच्या) मधे होती. डावीकडून दुसरा फणा टोकाला किंचित भंगलेला आहे, त्यावरून ओळखता येईल. ज्यांच्या घरी असा अल्बम असेल त्यांनी भिंग लावून पीठाची कड पाहावी. मला शकाचा तिसरा अंक आणि ‘भ.’ च्या पुढची सात-आठ अक्षरे हवी आहेत. काही दिसल्यास आपल्या दैनिकाच्या पत्त्यावर कळवावे, तेथून मी घेऊन जाईन.

आपला,
एक निवृत्त संस्कृत शिक्षक
महाल, नागपूर